हंसाची पाटी

तलासरीच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत झाईची हंसा बसते. तोंडाने फटकळ, पण मापाला चोख. बोंबील ओलसर राहिले असतील तर स्वतःच गिऱ्हाइकाला हाकलते, "आज नको नेऊ, घरी जाऊन मना शिव्या देशील. पुढच्या बाजाराला ये." असा धंदा करणारी बाई उपाशी मरायला हवी होती. पण लग्न होऊन आली तेव्हापासून हंसा त्याच जागेवर बसते आहे आणि तिची पाटी संध्याकाळी रिकामी होते आहे.

मासळीवालीला सगळं एकटीला जमतं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायला जमतं, कावळ्यांना हाकलायला जमतं, कंडक्टरशी भांडून एस.टी.त पाटी चढवायला जमतं. एकच गोष्ट जमत नाही. भरलेली पाटी जमिनीवरून उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवता येत नाही, त्याला दुसरा माणूस लागतो. मग जो जवळ दिसेल त्याला हाक मारायची, "ए दादा, हात दे रे जरा!" तो येतो, एक कड तो धरतो, दुसरी ती धरते. पाटी वर जाते, चुंबळीवर बसते आणि बाई चालू लागते. तू कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. आभार मानायची रीत नाही, नाही म्हणायचीही रीत नाही. डोक्यावर ओझं असताना मान वळवून तोंड बघायची तर सोयच नाही. पाटी वर जाताना काय ते क्षणभर दोघांची तोंडं समोरासमोर येतात, हातभर अंतरावर, आणि मग ज्याचा तो आपल्या वाटेने जातो.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. हंसाला स्वतःला ते फार उशिरा कळलं.

तिचा नवरा रामू होडीवर जायचा. अबोल माणूस. दर्यावर काय बोलत असेल ते असो, घरात दिवसाला चार शब्द. पण बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मोटारसायकल घेऊन तलासरीला हजर. हंसा म्हणायची, "एस.टी. हाय ना, पेट्रोल कशाला जालतो?" त्यावर तो म्हणायचा, "दोरी घ्याची होती." दर आठवड्याला दोरी लागेल एवढी मोठी त्याची होडी नव्हती. हंसा काय समजायचं ते समजायची आणि रिकामी पाटी मागे बांधून त्याच्या पाठीला टेकून बसायची.

आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी, असंच घरी येताना चिकूच्या वाड्यांमधल्या रस्त्यावर दोघांनी त्यांची गाडी अडवली. दिवस मावळला होता, झाडाखाली तर काळोखच. एकाने हंसाच्या कमरेची पिशवी ओढली. रामूने त्याचा हात धरला. गाडी आडवी पडली, दिव्याचा उजेड गवतात गेला. झटापट झाली, कोणीतरी ओरडलं, मग दोघं कुंपणावरून पळाले. रामू खाली बसला. म्हणाला, "हंसा, लागला गो मना." दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

पोलिसांनी त्या रात्री विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं: दोघं अनोळखी, एक उंच, एक बारका, काळोख होता. याहून जास्त तिला आठवत नव्हतं. आठवेल तरी कसं? ती बघत होती रामूच्या पोटाकडे.

दिवस गेले. गावातली माणसं पोलीस चौकीवर जाऊन बोंबलून आली. मग पोलिसांनी वेवजी गावातल्या लडक्या नावाच्या पोराला उचललं. बारका, मजुरी करणारा आदिवासी जवान. तेव्हा त्याच रस्त्यावरच्या एका वाडीत कुंपणाच्या कामाला होता. सापडायला एवढं पुरलं. महिन्याभराने ओळख परेड झाली. हंसाला एका आवारात नेलं. समोर माणसांची रांग. सरकारी अधिकारी म्हणाले, "बाई, घाबरू नका. ज्याला ओळखाल त्याच्या खांद्यावर हात ठेवा."

हंसा रांगेच्या एका टोकाकडून निघाली. पहिला जाडा, दुसरा पिकल्या मिशांचा, तिसरा असाच कोणीतरी. आणि मग त्याच्यासमोर ती आली. तिला पाहताच तो हसला. पुढचा दात अर्धा तुटलेला. हंसा जागीच थांबली. हे तोंड आपण पाहिलंय. असंच, अगदी जवळून, हातभर अंतरावरून पाहिलंय. या दाताला आपण ओळखतो. आणि मेला हसतो! रामूला मारून वर हसतो!

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. थोबाडीत मारली. दोन शिपायांनी तिला मागे ओढलं.

कोर्टातही ती डगमगली नाही. वकिलाने विचारलं, खात्री आहे का? हंसा म्हणाली, "माज्या धन्याचा मारेकरी मी इसरन? तो तुटका दात मी मेल्यावर पन इसरनार नाय." लडक्याला जन्मठेप झाली. दुसरा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. झाईत सगळे म्हणाले, बाई असावी तर अशी, नवऱ्याला न्याय मिळवून दिला. हंसा त्या एका वाक्यावर जगली. रामू गेला, होडी विकली, मुलगा जिग्नेश उंबरगावला कारखान्यात लागला, सूनबाई आली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्यापाशी तेवढंच होतं. आपण त्याला वाचवू शकलो नाही, पण ज्याने मारलं त्याला तरी सोडलं नाही.

गेल्या वर्षी गावात हवालदार आला. म्हणाला, "लडक्याचं अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीला आलंय. मुंबईला हायकोर्टात. तुमचं तिथं काही काम नाही, पण कळवायचं म्हणून आलो."

"काम नाय कसा?" हंसा म्हणाली. "मीच तर बघलाय."

जिग्नेशने रजा टाकली आणि आईला घेऊन गेला. हंसाला वाटलं होतं पुन्हा पिंजऱ्यात उभं करतील, पुन्हा सांगायला लागेल. तिने मनात सगळी उजळणी केली होती. पण अपिलात साक्षीदाराला कोणी विचारत नाही. आधी झालेलं सगळं कागदावर असतं, त्यावरच दोन्ही वकील भांडतात. मागच्या बाकावर मायलेक गुपचूप बसले. लडक्याची वकील म्हणजे कोर्टानेच नेमून दिलेली एक तरुण मुलगी, सर्दीने बेजार, दर दोन वाक्यांना नाक पुसणारी. हंसाने तिला पाहूनच मनातल्या मनात शिव्या घातल्या. सगळं इंग्रजीत चाललेलं. जिग्नेश तिच्या कानाशी सांगत होता.

"ती बोलतेय, अंधार होता... महिनाभर परेड घेतली नाही... रांगेत बाकीचे त्याच्यासारखे नव्हते, एक जाडा, एक म्हातारा..."

"बोलू दे," हंसा म्हणाली.

मग त्या मुलीने काहीतरी वाचून दाखवलं आणि दोघांतल्या एका न्यायमूर्तींनी मान वर करून तिला एक प्रश्न विचारला. मुलीने उत्तर दिलं. जिग्नेश तिच्या कानापासून मागे सरला.

"काय बोलली? सांग ना."

"काय नाय."

"जिग्नेश, सांग."

तो खाली बघत म्हणाला, "त्या रात्री तू दाताचं काय बोलली नव्हती पोलिसांना. परेडनंतर बोलायला लागली. ती म्हणते, माणूस चाकू मारताना तोंड मिटतो. मग दात दिसला कधी?"

सरकारी वकिलांनी त्यावर बराच वेळ उत्तर दिलं; ते जिग्नेशने सांगितलं की नाही, हंसाला आठवत नाही. निकाल राखून ठेवला. येताना मुलगा म्हणाला, "आये, टेन्शन नको घेऊ. वकील लोक असंच बोलतात." पण तो प्रश्न घशात काट्यासारखा अडकला तो अडकलाच. भाताचा गोळा गिळून जाणारा तो काटा नव्हता.

खरंच, दात दिसला कधी?

ती रोज डोळे मिटून त्या रस्त्यावर जायची. गाडी पडली, उजेड गवतात गेला, रामूने हात धरला. इथवर सगळं स्पष्ट. मग ते तोंड यायचं, तुटक्या दाताचं, हसरं. पण ते जिथे दिसायचं तिथे अंधार नसायचा. चक्क ऊन असायचं. हंसाला वाटलं, आपलं डोकं फिरायला लागलंय.

पुढच्या बाजाराला ती नेहमीसारखी तलासरीच्या स्टँडवर उतरली. नाक्यावर मजूर उभे होते. कोणी मुकादम येईल, टेम्पोत घालून कामावर नेईल, या आशेने ते रोज सकाळी तिथे उभे असतात. पाटी खाली उतरवून हंसाने हाक मारली, "ए दादा, हात दे रे!" हाल्या नावाचा एक म्हातारा मजूर पुढे आला. पाटी जड होती. उचलताना हाल्याने दात आवळले, ओठ मागे ओढले गेले आणि त्याचे पानाने लाल झालेले दात हातभर अंतरावर हंसाच्या डोळ्यांसमोर आले. ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

हंसाच्या हातातून कड सुटली. बोंबील धुळीत पसरले.

"काय झाला गो बाय?" हाल्या म्हणाला.

ती खाली बसली. तिला ऐकू आलं, अगदी काल बोलल्यासारखं: "मावशी, मासं हायत का दगड भरल्यात?" बारका जवान, या नाक्यावर उभा राहणारा, पाटी वर घेताना हसणारा. पुढचा दात अर्धा. एकदा नव्हे, कितीतरी बाजारांना त्याने पाटी उचलून दिली होती. तीही हसली होती तेव्हा, म्हणाली होती, "दगडच हायत, तुज्या बायकोला नेऊन दे." तेवढंच. नाव विचारलं नव्हतं. चुंबळीवर पाटी बसली आणि ती वळून न बघता चालू लागली होती.

रामूच्या मारेकऱ्याचं म्हणून जे तोंड तिने सात वर्षं जपलं, ते पाटी उचलून देणाऱ्याचं होतं. मग मारेकऱ्याचं तोंड कुठे गेलं? तिने खूप शोधलं. त्या जागी आता लडक्याच दिसत होता. खरा माणूस तिने कधी पाहिला असेलच तर त्याला तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

घरी येऊन तिने जिग्नेशला सांगितलं. तो आधी ऐकत होता, मग उठून उभा राहिला. "कोणाला बोलायचं नाही हे. समजलं? एवढ्या वर्षांनी? कोर्टाला खोटं सांगितलं म्हणून तुलाच आत टाकतील."

"मी खोटा नाय सांगला. मना तसाच वाटला होता."

"मग पप्पांना कोणी मारलं?" तो ओरडला. "सांग ना! तो नाही तर कोण?"

जिग्नेश रडत होता. बाप गेला तेव्हाही तो एवढा रडला नव्हता. तेव्हा राग धरायला एक माणूस होता.

तिने दोन दिवस काढले आणि वेवजीला गेली. कुठे जाते ते घरात सांगितलं नाही. लडक्याचं घर पाड्याच्या शेवटाला. त्याची बायको चिमी अंगणात भात पाखडत होती. कोर्टात पाहिलेली बाई तिने ओळखली. सूप खाली ठेवलं. हाकलून दिलं नाही आणि बसही म्हणाली नाही.

हंसाने रस्ताभर ठरवलेल्या वाक्यांतलं तिथे एकही आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो नाक्यावर माजी पाटी उचलायचा."

चिमी हळू म्हणाली, "तुना आता आठवला?"

"तुला माहीत होता?"

"त्यानंच सांगला होता. पोलिसाला सांगला, वकिलाला सांगला, कोर्टात साहेबाला पन सांगला. ती मावशी मना वळखते, मी तिची पाटी उचलतो. साहेब बोलला, म्हंजे वळखते ना? झाला मग." चिमीने पदर तोंडाला लावला. "रांगेत उभा केला तवा तू आली. त्याला लय बरा वाटला. बोलला, ही तर आपली मावशी, आता सोडवील मना. म्हनून हसला तो."

हंसा अंगणातल्या मातीत बसली. तिला थोबाडीत मारल्याचा आवाज ऐकू येत होता. इतक्या वर्षांत तो आवाज आठवला की तिला बरं वाटायचं. आता तिने दोन्ही कान झाकून घेतले.

"त्याची आय होती ना, कोर्टात तुज्यासंगती यायची ती?" कानांवरचे हात काढून तिने विचारलं.

"दोन पावसाळं झालं तिला जाऊन. जेलातून सोडला नाय त्याला मातीला."

चिमीने तिला पाणी दिलं नाही. या भागात दारात आलेल्या शत्रूलाही पाणी देतात. हंसाने मागितलंही नाही.

तिथून ती डहाणूला गेली, नविन नावाच्या वकिलांकडे. जुनी ओळख, त्यांच्या घरी ती सुकट द्यायची. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "हंसाबाई, साक्षी-पुरावे कधीच संपले. आता फार तर प्रतिज्ञापत्र करून त्याच्या वकिलाकडे देता येईल. कोर्ट घेईल की नाही, सांगता येत नाही. आणि तुमच्यावर शेकू शकतं."

"शेकू दे."

"पोराला विचारलंत?"

"धनी माजा होता," हंसा म्हणाली. "चूक पन माजीच."

पुढच्या आठवड्यात सहीला यायचं ठरलं. हंसाने धुतलेलं लुगडं काढून ठेवलं. आयुष्यात ती कधी कोर्टाला घाबरली नव्हती. आता घाबरत होती, पण जायचं पक्कं होतं. रात्री तिने रामूच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, "मी तुज्यासाठी एक मानूस धरला होता. तो पन सोडते आता." एवढं बोलून ती पोटभर रडली.

सही करायच्या आदल्या दिवशी हवालदार आला. निकाल लागला होता. लडक्या सुटला. ओळख भरवशाची नाही, म्हणून शंकेचा फायदा दिला होता. तिने दुसऱ्या दिवशी जाऊन नविन वकिलांना विचारलं, "आता माजी सही?"

"आता कशाला? तो सुटला, तुम्हीही सुटलात. कोर्टाला शंका आली, बस झालं."

कोर्टाला शंका होती. हंसाला शंका उरली नव्हती, आणि तिची खात्री आता कुणालाच नको होती. पहिल्यांदा चुकीचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी लिहून घेतलं. खरं सांगायला निघाली तेव्हा काम संपलेलं होतं. गावात लोक हळहळले, बिचाऱ्या रामूचा मारेकरी सुटला म्हणून. जिग्नेश आईशी महिनाभर बोलला नाही.

लडक्या गावी आला असं ती ऐकून होती. दर बाजाराला स्टँडवर उतरताना ती मजुरांत त्याला शोधायची. काय बोलायचं ते तिने पुन्हा पुन्हा घोकलं होतं. पण तो दिसला नाही आणि माणसाचं मन कितीही धास्तावलं तरी सवय सुटत नाही. एका सकाळी पाटी खाली ठेवून, चुंबळ सारखी करत, वर न बघताच तिने हाक दिली, "ए दादा, हात दे रे जरा!"

दोन पाय जवळ आले आणि थांबले. कोणी वाकलं नाही. हंसाने मान वर केली.

एरवी कुठे दिसला असता तर तिने लडक्याला लगेच ओळखलं नसतं. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते, तोंड घट्ट मिटलेलं. दात दिसत नव्हता. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, थंडी नसताना.

"मावशी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोसला असता. "दुसऱ्या कोनाला सांग. मी आता कोनाची पाटी उचलीत नाय."

घोकलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. "पोरा..." एवढंच निघालं. तोवर तो वळून मजुरांच्या घोळक्याच्या पलीकडे, भिंतीच्या कडेला जाऊन उभा राहिला होता.

हाल्या धावत आला. "सरक गो, मी देतो हात." हंसाने मान हलवली. तिने पाटीतले अर्धे बोंबील गोणपाटावर काढून ठेवले, उरलेली अर्धी पाटी एकटीने गुडघ्यावर, मग खांद्यावर, मग डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे निघाली. ती जागेवर ठेवून परत आली आणि राहिलेले नेले.

झाईची हंसा आजही तलासरीच्या बाजाराला येते. स्टँडपासून बाजारापर्यंत ती दोन खेपा करते आणि कुणाला हाक मारत नाही.